अथणीकरांचा कीबोर्ड

“हात सैल सोडा,” मी म्हणाले. “भजनाला बसल्यावर पेटीवर टेकवतात तसा.”

“मला पेटी वाजवता येत नाही हो, मॅडम.”

“आम्हालाही तुमची कन्नड कादंबरी वाचता येत नाही. टेकवा.”

त्यानं अण्णांच्या बाकावर पसरलेल्या खाकी कागदावर उजवा हात टेकवला. मनगटाला पट्टा होता. मी पेन्सिल घेऊन त्याच्या बोटांच्या कडेकडेनं रेघ ओढायला लागले. करंगळी आखूड होती, मधलं बोट चांगलंच लांब. अंगठ्याजवळ आले तेव्हा त्यानं श्वास धरून ठेवलाय हे मला कळलं. मीही धरला होता. पण माझं कारण मी लगेच स्वतःला सांगून टाकलं, की रेघ हलायला नको.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला अण्णा एका पेटीचा भाता उघडून बसले होते. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “काय गं, माप घेतीयास का पत्रिका बघतीयास?”

आमचं घर मिरजेत. पुढच्या खोलीत अण्णांचं पेट्या दुरुस्तीचं काम चालायचं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. माडीवर बसून मी पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची, आणि ते उरकलं की माझ्या आवडीचं, म्हणजे कीबोर्ड बनवणं. बाजारात मिळतो तसला नव्हे. ज्याच्या त्याच्या हाताला बसेल असा, एकेक कळ हातानं सोल्डर केलेला. अण्णांना त्याचं हसू यायचं. “माझ्या पेटीतनं निदान सूर तरी निघतोय,” म्हणायचे, “तुझी नुसती टकटक.” पण कीबोर्डाची लाकडी चौकट मात्र तेच करून द्यायचे, मोडीत निघालेल्या पेटीच्या सागवानाची, आणि तिला पॉलिश असं करायचे की गिऱ्हाईक आधी चौकटीवरूनच हात फिरवायचं.

महांतेश हुक्केरी अथणीचा. कन्नडमधून मराठीत आणि मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद करून पोट भरायचा. बियाण्यांची माहितीपत्रकं, न्यायालयाचे कागद, मालिकांचे संवाद, आणि ह्या सगळ्यातून वेळ उरला की कादंबऱ्या. दिवसभर टंकून त्याचं मनगट गेलं होतं. डॉक्टरनं सांगितलं, टायपिंग बंद. तो म्हणाला, मग जेवणही बंद. अशात कुणीतरी त्याला माझं नाव सांगितलं, आणि तो बसनं मिरजेला आला. हे सगळं करोनाच्या आधीच्या वर्षातलं.

मी त्याच्यासाठी दोन तुकड्यांचा कीबोर्ड करायचं ठरवलं. डाव्या हाताचा वेगळा, उजव्याचा वेगळा, मध्ये एक वायर. हात खांद्याइतके लांब ठेवता आले की मनगट वाकडं होत नाही. पण खरा त्रास त्याला शिफ्टचा होता. मराठी टंकताना ‘क’च्या कळीवर शिफ्ट दाबलं की ‘ख’ उमटतो, ‘ग’वर ‘घ’, ‘त’वर ‘थ’. दर दुसऱ्या शब्दाला करंगळी ताणून शिफ्ट दाबायचं, त्यानंच मनगट सुजलं होतं.

“तर शिफ्ट काढूनच टाकू,” मी म्हणाले. “कळ चटकन दाबून सोडली की ‘क’. तीच थोडी दाबून धरली की ‘ख’.”

“पेटीची पट्टी दाबून धरली की सूर लांबतो, तसं?”

“आता कशी पेटी कळायला लागली.”

तो हसला. हसताना त्याची मान खाली जायची. मला ते पहिल्याच दिवशी आवडलं, आणि त्याचा मला रागही आला. गिऱ्हाइकाची मान बघायची नसते.

कीबोर्डाच्या पोटात नखाएवढी चिप असते. कुठली कळ कशी दाबली म्हणजे काय उमटायचं, हे तिला शिकवावं लागतं. ह्या शिकवणीला फर्मवेअर म्हणतात आणि ती चिपमध्ये भरण्याला फ्लॅश करणं. मी जुन्या पद्धतीची चिप वापरायची. तिच्यावरचे दोन ठिपके चिमट्यानं जोडले की ती जुनं विसरून नवं घ्यायला तयार होते, पण क्षणभरच. तेवढ्यात कॉम्प्युटरवरून नवं सोडावं लागतं. एकटी असले की माझी त्यात तारांबळ उडायची.

“मी चिमटा लावते,” मी त्याला म्हणाले. “मी ‘आता’ म्हटलं की तुम्ही एंटर दाबा.”

तो माझ्या शेजारी वाकून उभा राहिला. त्याच्या सदऱ्याला इस्त्रीचा वास होता.

“आता.”

त्यानं दाबलं नाही.

“हुक्केरी, आता म्हटलं ना मी.”

“चुकलं हो. तुमच्या हाताकडं बघत राहिलो.”

दुसऱ्यांदा जमलं. पडद्यावर हिरवी पट्टी भरत गेली आणि चिपवरचा छोटा दिवा लुकलुकून थांबला. मग त्यानं दोन्ही तुकडे पुढं ओढले, बोटं टेकवली आणि टंकलं, ‘मिरज’. मग ‘घर’. मग थोडा वेळ थांबून ‘कल्याणी’. मी म्हणाले, “माझं नाव नीट उमटतंय, म्हणजे चिप शहाणी आहे.” त्यानं ते पुसून टाकलं.

अडचण लगेचच निघाली. महांतेश शब्द शोधताना थांबायचा, आणि थांबायचा तो कळीवर बोट ठेवून. शब्द सापडेपर्यंत बोट तिथंच. त्यामुळं ‘तर’ लिहायला गेला की ‘थर’ उमटायचं, ‘कर’ म्हटलं की ‘खर’. दाबून धरणं म्हणजे नेमकं किती वेळ, हा एक आकडा फर्मवेअरमध्ये असतो. मी माझ्या बेतानं तो सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतका ठेवला होता. माझी बोटं घाईची. त्याची नव्हती.

“थांबा,” मी म्हणाले. “तुमचा वेळ मला माझ्या हातात घेऊन बघायला लागेल.”

मी माझ्याही कीबोर्डात त्याच्याचसारखं फर्मवेअर भरलं आणि तो आकडा वाढवत वाढवत तो टंकताना रेंगाळतो तशी रेंगाळत टंकून पाहिलं. आधी जीव गेला. असा संथ माणूस जगतो कसा, असं वाटलं. पण हळूहळू ते अंगात उतरलं. कळ दाबायची, धरायची, जराशी वाट बघायची आणि मग सोडायची. त्यात एक निवांतपणा होता, जो मला कधीच कुणी शिकवला नव्हता.

शेवटी आकडा जमला. मी त्याला कॉम्प्युटरवरचं एक पान उघडून दाखवलं. “पुढं कधी कमी-जास्त वाटलं तर इथं येऊन हा आकडा तुम्हीच बदलायचा. कीबोर्ड लावलेला असला की झालं. मिरजेला यायची गरज नाही.”

त्यानं त्या पानाकडं बघितलं आणि मान हलवली. “छे हो. हे मला कुठलं जमतंय.”

“पोरालाही जमेल.”

“मग पोरंच करू देत,” तो म्हणाला, आणि कीबोर्ड पिशवीत घालून गेला.

त्या दिवशी मी माडीवर जाऊन उगीच बसून राहिले. काम उत्तम झालं होतं. उत्तम झालं म्हणूनच तो आता येणार नव्हता. मुद्दाम एखादी कळ सैल ठेवली असती तर आला असता, पण ते माझ्या हातून व्हायचं नाही. सुताराची पोर आहे मी. मोडकं काम दारातून बाहेर जाऊ देणं आमच्या घरात पाप. तो मला हवा होता, आणि माझं काम चोख होतं. ह्या दोन गोष्टींचं कसं जमवायचं ते मला कळेना.

पण तो आला. थोड्याच दिवसांत, हातात गोकाकच्या करदंट मिठाईचा पुडा घेऊन.

“मॅडम, बिघडलं हो. सगळं जडच उमटतंय. हात लावला की ‘ख’.”

मी लावून बघितलं. खरंच, कळीला बोट टेकायचा अवकाश की ‘ख’. मला आनंद किती झाला हे मी लपवलं, आणि अपमान किती वाटला हे मात्र लपवता आलं नाही. “माझ्याकडून गेलेलं काम असं परत येत नाही,” मी म्हणाले. चिप पुसली, पुन्हा सगळं भरलं, माझ्यासमोर त्याला पानभर टंकायला लावलं. ठणठणीत.

नंतर आला तेव्हा उलटं. कितीही दाबून धरलं तरी ‘ख’ निघेना. मी चिपच बदलली. पुढच्या खेपेला परत पहिलं दुखणं. चिप बदलूनही आकडा सरकतो म्हणजे काय? मी रात्रंदिवस त्याच विचारात. आकडा ज्या जागेत साठतो ती जागाच कच्ची असेल, वायरीतून झटका बसत असेल, अथणीची वीज कमी-जास्त होत असेल, असं काय काय मनात आणलं. परदेशात असे कीबोर्ड बनवणाऱ्यांना विचारलं. त्यांनीही डोकी खाजवली.

“दोष चिपंत हाय का आणिक कुठं, ते नीट बघ,” अण्णा एकदा म्हणाले.

“आणखी कुठं असणार?” मी खेकसले.

“मला काय ठावं. मी पेटीवाला मानूस.”

तो येत राहिला. मी कामाच्या मीटिंगमध्ये असले तर खाली बाकावर अण्णांपाशी बसून राहायचा. मग मी जिना उतरून यायची, तो चेहरा पाडून कीबोर्ड पुढं करायचा, मी दुरुस्त करायची. मग चहा. मग एखाद्या शब्दावरून वाद. कन्नडमध्ये एखाद्या गोष्टीला फार नेमका शब्द असायचा आणि त्याला तो मराठीत मिळत नसायचा. मी सुचवायची, तो मान खाली घालून हसायचा. अण्णा मधेच म्हणायचे, “तुमच्या भांडणात माझी काळी दोन बिघडली बगा.” मनगटाचा पट्टा कधी सुटला ते माझ्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं तेव्हा मी विचारलं, “दुखतं का अजून?” तो म्हणाला, “मनगट नाही दुखत.”

मी पुढं विचारायला हवं होतं. मी चिमटा शोधायला लागले.

तो शेवटचा आला तो एका बुधवारी, अण्णा भर दुपारी दुकान अर्धं ओढून जेवायला बसले होते तेव्हा. ह्या वेळी करदंट नव्हता.

“धारवाडला नोकरी लागली,” तो म्हणाला. “विद्यापीठात. अनुवादाचीच.”

“वा. छान झालं.”

“घरी स्थळंही बघतायत. बेळगावचं एक आलंय.”

“तेही छान,” मी म्हणाले. दोनदा ‘छान’ म्हटल्यावर तिसरं काय म्हणायचं ते सुचेना. “आणि कीबोर्ड?”

“बिघडलाय.” त्यानं पिशवी बाकावर ठेवली, पण उघडली नाही. “मी विचार करत होतो, धारवाडला गेल्यावर पुन्हा असं झालं तर? तिथून यायचं म्हणजे…”

तो वाक्य तिथंच सोडून माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, त्याला काळजी पडलीय. लांबून यायचा वैताग, नवी नोकरी, नवा संसार, आणि माझ्या हातचं हे धड न चालणारं लोढणं. लाजेनं माझे कान तापले. जाणाऱ्या माणसाला निदान चांगली वस्तू तरी द्यावी. देण्यासारखं माझ्याकडं दुसरं होतं काय? म्हणजे होतं, पण ते कुणी मागितलेलं नव्हतं.

“यावं लागणार नाही,” मी म्हणाले. “आज मी ह्याचा निकालच लावते. तो आकडा बदलायची सोयच काढून टाकते. तुमचा वेळ फर्मवेअरमध्येच कायमचा बसवते. मग ते पान उघडा नाहीतर काही करा, बाहेरून कुणालाही हलवता येणार नाही.”

“कुणालाच नाही?”

“कुणालाच.”

“त्याची गरज आहे का, कल्याणी?”

पहिल्यांदाच त्यानं ‘मॅडम’ सोडलं होतं. ते मी ऐकलं, आणि ऐकलं म्हणूनच जास्त कोरडेपणानं बोलले. “मग काय जन्मभर मिरजेच्या फेऱ्या मारणार?”

“मिरज तशी फार लांब नाही.”

“लांब नसली तरी बिघडलेली वस्तू घेऊन कशाला यायचं माणसानं.”

माझ्या मनात होतं, वस्तू न घेता या. नुसते या. पण ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं नाही. मी फर्मवेअर नव्यानं तयार करायला घेतलं. कॉम्प्युटर ते जुळवत होता तेवढा वेळ आम्ही दोघंही पडद्यावरून सरकणाऱ्या ओळींकडं बघत होतो, जणू त्यात काही वाचण्यासारखं होतं. मग मी चिमटा उचलला.

“मी ‘आता’ म्हटलं की दाबा.”

“हो.”

“आता.”

ह्या वेळी त्यानं लगेच दाबलं. डावा तुकडा झाला, मग उजवा. त्यानं तपासायला म्हणून टंकलं ‘घर’, आणि म्हणाला, “एकदम बरोबर.” अण्णांच्या पाया पडला. मी दारापर्यंत गेले. रिक्षात बसताना त्यानं पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

कीबोर्ड पुन्हा बिघडला नाही. माझ्या हातची सगळ्यांत चोख वस्तू तीच, असं मी किती जणांना सांगितलंय. दर दिवाळीला धारवाडहून त्याचा निरोप येतो, शुभेच्छा आणि खाली एक ओळ, ‘कीबोर्ड अजून उत्तम चालतो. काही तक्रार नाही.’ त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, दोन कादंबऱ्या आल्या. मी दर वेळी उत्तर पाठवते, ‘छान.’ माझं लग्न झालं नाही. स्थळं आली, मी चहाही दिला. पण समोरचा माणूस भराभर बोलायला लागला की माझं मन उठायचं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. बेडगचे तातोबा म्हणून एक भजनी बुवा आहेत, ते परत पेटी घेऊन आले होते. सूर फाटतोय म्हणे. अण्णांनी पेटी उघडली, फडक्यानं सुरांच्या पितळी पट्ट्या पुसल्या, पेटी बंद केली. तासभर गप्पा झाल्या, बुवा समाधानानं गेले. अण्णांना आता कमी ऐकू येतं, म्हणून खाली मीच असते जास्त. मी म्हणाले, “अण्णा, पेटीत तर काहीच नव्हतं. मग सारखे का येतात हे?”

“पेटीत न्हाईच. बायको गेल्यापासनं घर खायला उठतंय त्याला.”

“मग सरळ सांगावं, बसायला आलो म्हणून.”

“मानूस तसा येत न्हाई गं. हातात कायतरी लागतंय.” ते पेचकस डब्यात ठेवत होते. “तुझा अथणीकर न्हवता का.”

“त्याचं काय?”

“हितंच बसायचा की बाकावर. तू वर बोलत असायचीस फोनवर. त्यो लॅपटॉप काडायचा, तुझा कीबोर्ड लावायचा आन् चटाचटा लिवत बसायचा. एक ठोका चुकायचा न्हाई. माझं कान तवा चांगलं हुतं. मग जिन्यावर तुझी पावलं वाजली की थांबायचा, तू दावलेलं ते पान उघडून कायतरी इकडचं तिकडं करायचा, आन् तू आलीस की तोंड पाडून, मॅडम, बिघडलं.”

मी उभी होते ती बाकावर बसले. जिथं तो बसायचा तिथंच.

“अण्णा, हे तुम्ही मला का नाही सांगितलं?”

“काय?” त्यांना ऐकू गेलं नाही.

मी जवळ जाऊन पुन्हा विचारलं. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं बघितलं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

“मला वाटलं तुला ठावं हाय. ठावं हाय म्हनून तर शेवटाला तू ते बंद करून टाकलंस. मी म्हनलं, पोरीच्या मनात न्हाई. त्योबी तसंच समजून गेला असंल. जबरदस्ती हाय का कुनावर?”

जगभरच्या लोकांना मी विचारलं होतं, आकडा आपोआप का सरकतो. समोर बसलेल्या माणसाला विचारलं नव्हतं. त्याला येण्यासाठी जी एक फट होती ती मी शोधून काढली आणि माझ्या सगळ्या कसबानं बुजवली. आणि एंटर त्यालाच दाबायला लावलं.

ह्या दिवाळीलाही त्याचा निरोप आला. ‘कीबोर्ड अजून उत्तम चालतो. काही तक्रार नाही.’ मी माडीवर माझ्या टेबलाशी बसून तो पुन्हा पुन्हा वाचला. मला पुष्कळ लिहायचं होतं. त्याची मुलगी आता शाळेत जाते.

माझ्या कीबोर्डात तेव्हा तपासायला म्हणून भरलेला त्याचा वेळ अजून तसाच आहे. मी तो कधी बदललाच नाही. एवढ्या वर्षांत सवय झाली म्हणते, कुणी विचारलं तर. ‘छान’मधला ‘छ’ उमटवायला ‘च’ची कळ दाबून धरावी लागते, आणि त्याच्या वेळानं धरायची तर जरा जास्तच. मी कळ दाबली, धरली आणि वाट बघितली.

मग सोडली, आणि उरलेला शब्द पुरा केला.